फळ्यावरची यादी परत हवी

सभासद बंधू-भगिनींनो,

गळीत हंगाम संपला, पट्टा पडला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या. आता आडसालीच्या लागणीची तयारी सुरू होईल आणि जुलैपासून नव्या नोंदी घेण्याचे काम आमच्या खात्याकडे येईल. त्याआधी एका विषयावर आपल्याशी मोकळेपणाने बोलावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आपणांस ठाऊकच आहे की, गेल्या हंगामापासून ऊस नोंद, तोडणीची पाळी आणि वजनाची पावती हे सारे मोबाईलच्या ॲपवर गेले. नवी पद्धत सुरू करताना आम्ही प्रत्येक गट ऑफिसात एक वही दोरीने बांधून ठेवली होती. सभासदांनी नव्या पद्धतीबद्दल जे वाटेल ते तीत लिहावे, एवढाच हेतू होता. त्या सगळ्या वह्या आता आमच्या टेबलावर आल्या आहेत आणि आम्ही त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या आहेत. कोणी पेनाने लिहिले आहे, कोणी पेन्सिलीने. एकाने खताच्या पावतीच्या पाठीवर लिहून ती पावती वहीत टाचली आहे. काहींनी आम्हांस चार शब्द सुनावलेही आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

वह्या वाचून आमचे एक मत पक्के झाले आहे आणि ते आडपडदा न ठेवता सांगतो. मोबाईलची पद्धत राहिली पाहिजे. परंतु ती आणताना गट ऑफिसच्या फळ्यावरची पाळीची यादी आपण काढून टाकली, ही चूक झाली. ती यादी येत्या हंगामापासून परत लागली पाहिजे. असे आम्ही का म्हणतो, ते आता सविस्तर मांडतो.

आधी काय बदलले ते पाहू. पूर्वी चिटबॉय बांधावर येई, टेपाने क्षेत्र मोजी, लागणीची तारीख, उसाची जात आणि पाण्याची सोय विचारून नोंदवहीत लिही आणि नोंदीची चिठ्ठी आपल्या हाती देई. हंगाम सुरू झाला की दर सोमवारी गट ऑफिसच्या फळ्यावर पुढच्या पाळीची यादी लागे. तीत सभासदाचे नाव, गट नंबर, जात, लागणीची तारीख आणि पाळीचा क्रमांक असे. बाजारहाटाला आलेला माणूस जाता जाता यादी वाची. स्वतःची पाळी बघे, शेजाऱ्याची बघे आणि भावकीची तर आधी बघे.

आता चिटबॉय मोबाईल घेऊन शेताभोवती फिरतो आणि क्षेत्र आपोआप निघते. पाळी आपल्या ॲपवर दिसते. वाहन काट्यावरून उतरले की वजनाचा मेसेज येतो. कागद वाचला, वेळही वाचला. मात्र ॲपवर सभासदाला फक्त स्वतःची पाळी दिसते. दुसऱ्या कोणाचीही दिसत नाही.

नव्या पद्धतीचे गुण झाकून ठेवणे बरे नव्हे. क्षेत्रावरून बांधावर होणारी हुज्जत फार कमी झाली आहे. तिरक्या तुकड्याचे क्षेत्र टेपाने काढताना आमच्याच माणसांची पूर्वी किती तारांबळ उडे, ते आम्ही जाणतो. आम्ही कृषी पदविका घेऊन कारखान्यात लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे हेच काम केले आहे. वजनाचा मेसेज लगेच येतो, त्यामुळे रात्री गाडी केव्हा खाली झाली आणि किती भरली, हे विचारायला सकाळी कारखान्यावर यावे लागत नाही. वहीत अनेकांनी हे आवर्जून लिहिले आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या एका सभासदाच्या मुलाने लिहिले आहे की, वडिलांच्या उसाची प्रत्येक खेप आता त्याला तिथे बसून कळते. ही सोय लहान नाही.

आता तक्रारींकडे वळतो. वाचता वाचता आम्ही त्यांचे तीन ढीग केले.

पहिला ढीग सवयीचा आहे. अक्षरे बारीक आहेत, रंग डोळ्यांवर येतो, कुठे दाबायचे ते कळत नाही, आधीचेच बरे होते, अशा स्वरूपाच्या या तक्रारी आहेत. यांतल्या काही आम्ही जरूर दुरुस्त करून घेऊ, परंतु बऱ्याचशा काळानेच जातील. जुन्या माणसांना नव्या पैशाची गोष्ट आठवत असेल. १९५७ सालच्या १ एप्रिलला दशमान नाणी आली, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत आणि त्या पाव पैशावरून दुकानादुकानांत वाद चालत. सरकारने मात्र एक शहाणपण केले. जुनी नाणी लगेच बंद न करता काही काळ दोन्ही बरोबर चालू ठेवली. लोक हळूहळू शिकले आणि १९६४ साली 'नया' हा शब्दही सरकारी नाण्यावरून गेला. पंचवीस पैशांना चार आणे म्हणणे मात्र पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिले. सवय मोडायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागतो. आपण जुनी चिठ्ठी, जुनी पावती आणि जुनी यादी एकाच दिवशी बंद केली. तेवढा वेळ आम्ही आपल्याला दिला नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा ढीग दोषांचा आहे. यांत सभासदांची काही चूक नाही, पद्धतीतच उणीव आहे. चार ठळक गोष्टी सांगतो.

एका मोबाईल नंबरला एकच खाते जोडता येते. आपल्याकडे एका घरात बाप, आई आणि मुलगा असे तिघे सभासद असतात आणि फोन एकच असतो. मग आईचे खाते कुठे जोडायचे? बऱ्याच भगिनींच्या नावापुढे दिराचा नाहीतर पुतण्याचा नंबर पडला आहे आणि त्यांच्या उसाचे वजन त्यांच्याआधी दुसऱ्याला कळते. काही खात्यांवर तर वारलेल्या मालकांचाच नंबर चालू आहे.

निडव्याची वेगळी नोंद ॲपवर करता येत नाही. चिटबॉय बिचारा निडव्याला खोडवाच लिहितो आणि पुढे उत्पादनाचा अंदाज चुकतो.

वजन पंधरवड्याच्या बेरजेत दिसते, खेपवार तारीख पाहायची म्हटली तर दिसत नाही. ही बाब किरकोळ नव्हे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास दर साल दर शेकडा १५ प्रमाणे व्याज देय होते. चौदा दिवस मोजायचे तर पहिला दिवस कोणता ते सभासदाला दिसायला नको का?

चौथी गोष्ट दुरुस्तीची. नोंद चुकली तर सभासदाने ती कुठे आणि कशी दुरुस्त करून घ्यावी, याची ॲपवर सोयच नाही. गट ऑफिसात सांगितले तर ते म्हणतात मुख्य ऑफिसात सांगा. मुख्य ऑफिसात आले तर आम्ही म्हणतो, कंपनीला कळवले आहे. हे उत्तर आम्हीही दिले आहे आणि देताना आम्हांला बरे वाटलेले नाही.

हे चारही दोष लेखी कळवले आहेत. ते नव्या नोंदी सुरू होण्यापूर्वी दूर व्हावेत, असा आमच्या खात्याचा आग्रह आहे.

आता तिसरा ढीग. हा सगळ्यांत लहान आहे, पण आमच्या मते महत्त्वाचा तोच आहे. यांत लिहिणाऱ्यांनी नव्या पद्धतीला नावे ठेवलेली नाहीत. त्यांनी एवढेच विचारले आहे की, फळ्यावरची यादी का काढली? खरे सांगायचे तर हंगामाच्या सुरुवातीस आम्हांला या प्रश्नाचे महत्त्व कळले नव्हते. यादी ॲपवर गेली, मग फळ्यावर कशाला, असेच आम्हांलाही वाटले होते. जानेवारीत एक प्रसंग घडला आणि डोळे उघडले.

एका गटात आम्ही दुपारी बसलो होतो. एक वयस्कर आजी नातवाला घेऊन आल्या. मालक जाऊन पुष्कळ वर्षे झाली, शेती त्या स्वतः बघतात. म्हणाल्या, "सायेब, माजी लागण गुरुजींच्या आदी चार दिस हाय. त्येंचा ऊस जाऊन म्हैना झाला, माजा उभाच. तुरं आल्यात. नातू मोबाईलमदी बघतोय तर प्रलंबित म्हनतंय. प्रलंबित म्हंजी काय वो?"

आम्ही संगणकावर पाहिले आणि सांगितले, "आजी, तुमची पाळी अजून आलेली नाही. फेब्रुवारीत आहे." आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचे शेजारी, निवृत्त गुरुजी, ऑफिसात आले. हाती उपसा सिंचन संस्थेच्या पाटकऱ्याची वही होती. लागणीचे पहिले पाणी कोणाला कोणत्या तारखेस दिले, ते तीत लिहिलेले असते. आजींच्या नावापुढे १० ऑगस्ट होता, गुरुजींच्या नावापुढे १४ ऑगस्ट. आमच्या संगणकावर गुरुजींची तारीख बरोबर होती, पण आजींची लागण ८ ऑक्टोबर दाखवली होती. म्हणजे आडसालीचा ऊस पूर्वहंगामीच्या रांगेत जाऊन बसला होता.

मग आम्ही जुन्या नोंदवह्या काढल्या. जुन्या संगणकावरच्या नोंदी नव्यात उतरवताना काही तारखांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. १०-०८ ही तारीख नव्या संगणकाने आठव्या महिन्याऐवजी दहाव्या महिन्याची धरली. महिने बाराच असल्यामुळे तेरा तारखेच्या पुढच्या लागणी सुखरूप राहिल्या आणि बारा तारखेच्या आतल्या घोटाळ्यात सापडल्या. १० ऑगस्टचा सभासद दोन महिने मागे गेला. ५ ऑगस्टचा सभासद ८ मेचा होऊन तीन महिने पुढे आला.

दोष कळल्यावर आम्ही सगळ्या तारखा जुन्या वह्यांशी ताडून दुरुस्त केल्या आणि मागे पडलेल्यांना तातडीने तोड दिली. पण झाला तो उशीर झालाच. तुरा आल्यावर ऊस फार दिवस उभा राहिला की पोकळ पडतो आणि वजनाला मार खातो. तोड लांबली की खोडवाही लांबतो. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नका, असे आम्हीच आपणांस दरवर्षी सांगतो. म्हणजे ज्याची पाळी मागे गेली त्याचे या वर्षाचे नुकसान झाले आणि पुढच्या वर्षाचेही. ज्यांची पाळी पुढे आली त्यांचा ऊस पुरता पक्व होण्याआधी तुटला. त्याचा उतारा कमी पडतो आणि एफआरपी तर सगळ्यांच्या मिळून सरासरी उताऱ्यावर ठरते. तेव्हा त्या चुकीचा थोडाफार भार आपणां सर्वांवरच पडला.

मागे पडलेल्या सभासदांच्या नुकसानीचा विषय आम्ही लेखी स्वरूपात संचालक मंडळापुढे ठेवला आहे. चूक आमच्या खात्याकडून झाली, सभासदांकडून नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

आता यादीचा संबंध पाहा. ही चूक नोव्हेंबरातच का सापडली नाही? चिटबॉय, ओव्हरसिअर आणि आम्ही स्वतः, सगळ्यांनी संगणकावर विश्वास ठेवला. ज्यांची पाळी मागे गेली त्यांना फक्त स्वतःची पाळी दिसत होती, त्यामुळे आपण मागे पडलो हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ज्यांची पाळी पुढे आली ते गप्प राहिले. त्यांनाही वाटले असेल, संगणकाने दिले ते खरे.

हीच यादी फळ्यावर लागली असती तर काय झाले असते? पहिल्याच सोमवारी कोणीतरी ओरडले असते, "अहो, ह्या आजींची लागण आपल्या आधीची, आणि नाव एवढं खाली कसं?" दुसरा म्हणाला असता, "आणि ह्या पाव्हण्यांनी मे महिन्यात लागण कधी केली?" संगणकाचा दोष एका दिवसात उघड्यावर आला असता. आपल्या गावात कोणाची लागण केव्हा झाली, हे साऱ्या शिवाराला माहीत असते. ती माहिती आम्हांला फुकट मिळत होती आणि आम्ही तिचे दार बंद केले.

चुकीपुरतीच ही गोष्ट नाही. पाळी मागेपुढे करण्यासाठी कोण कोणाला भेटतो, खुशाली कोण मागतो आणि कोण देतो, हे आपल्यातले उघड गुपित आहे. यादी चारचौघांत लागते तेव्हा क्रम मोडणाऱ्याला जरा तरी धाक असतो. ज्याची ओळख नाही, ज्याच्या घरी गडी माणूस नाही, ज्याची जमीन थोडी आहे, त्याला त्या यादीचाच आधार असतो. ॲपवर ज्याला त्याला आपलेच दिसू लागले आणि नेमका तोच आधार गेला.

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचाही विचार केला पाहिजे.

एक म्हणजे, एकाची माहिती दुसऱ्याला दाखवणे योग्य नव्हे, असे म्हणतात. पैशाच्या बाबतीत हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. कोणाचे बिल किती झाले, कोणाच्या नावावर सोसायटीचे किती कर्ज आहे, हे फळ्यावर मुळीच लागू नये आणि पूर्वीही लागत नव्हते. परंतु लागणीची तारीख आणि पाळीचा क्रमांक ही काही घरातली गोष्ट नाही. ऊस शिवारात उभा असतो, येणारा जाणारा पाहतो. शिवाय पाळी ही सर्वांची मिळून एकच रांग आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पुढे कोण आणि मागे कोण हे दिसणारच.

दुसरा आक्षेप असा की, यादी लावली की भांडणे होतात. होतात, हे खरे. फळ्यापुढे उभे राहून आम्ही कितीतरी भांडणे सोडवली आहेत आणि शिव्याही खाल्ल्या आहेत. तरी आमचा अनुभव असा की, फळ्यापुढचे भांडण तासाभरात मिटते. यंदा भांडणे कमी झाली आणि कुजबूज वाढली. कोणाच्या पारावर काय बोलले जाते ते आमच्याही कानी येते, आणि त्याला उत्तर द्यायला आमच्याकडे दाखवण्यासारखे काही नसते.

तिसरा आक्षेप आमच्याच खात्यातला आहे. पाऊस पडला की वाहन शेतात जात नाही, टोळी पळून जाते, ऊस जळतो, कुठे रस्ता बंद पडतो. अशा वेळी क्रम मोडावाच लागतो, मग यादीला अर्थ काय राहिला? आमचे उत्तर असे की, क्रम मोडला तर यादीतच कारण लिहावे. जळीत असेल तर जळीत, रस्ता नसेल तर रस्ता नाही. कारण योग्य असेल तर सभासद समजून घेतो. शेजाऱ्याचा ऊस जळाला असताना माझी पाळी आधी द्या म्हणणारा सभासद आम्ही फारसा पाहिलेला नाही.

संगणकावरचे काम चारचौघांपुढे ठेवणे हे काही नवीन नाही. सातबारा संगणकावर चढवताना असंख्य चुका निघाल्या, तेव्हा २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झाले. तलाठ्याने उतारे वाचून दाखवावेत, ज्याचे चुकले त्याने तेथेच सांगावे, अशी ती पद्धत. ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आले. रेंज नाही, फोटो चढत नाही, जुन्या फोनवर चालत नाही, अशा तक्रारी पहिल्याच वर्षी आल्या. २०२२ च्या खरिपाला त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, तीत आपली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची सोय दिली आणि साऱ्या गावाची पीक पाहणी पाहण्याचीही सोय दिली. सरकारी कामात हे होऊ शकते, तर सभासदांच्या मालकीच्या कारखान्यात का होऊ नये?

मालकीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. ॲप तयार करणारी मंडळी हुशार आहेत, परंतु त्यांच्या बोलण्यात वारंवार 'ग्राहक' हा शब्द येतो. ग्राहकाला त्याची स्वतःची ऑर्डर दाखवली की काम झाले. आपण ग्राहक नाही. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला प्रवरेचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून या राज्यात ऊस घालणारा शेतकरी हाच कारखान्याचा मालक ही रीत पडली. मालकाला आपल्या कारखान्याची सगळी रांग बघण्याचा हक्क आहे.

तेव्हा येत्या हंगामासाठी आम्ही आमच्या खात्यातर्फे पुढील गोष्टी सुचवल्या आहेत. पाळीची यादी दर सोमवारी गट ऑफिसच्या फळ्यावर लागावी आणि तीच यादी ॲपवरही सगळ्यांना दिसावी. लागणीच्या तारखेत महिना आकड्याने न लिहिता अक्षराने लिहावा, म्हणजे ऑगस्टचा ऑक्टोबर होणार नाही. मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक गावात एका संध्याकाळी देवळात किंवा शाळेत सगळ्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि चुकीची नोंद तिथेच दुरुस्त व्हावी. ज्यांना ॲप चालवता येत नाही किंवा ज्यांच्याकडे तसा फोन नाही, त्यांना मागितल्यावर नोंदीची आणि वजनाची कागदी पावती मिळावी. यापुढे पद्धतीत कोणताही बदल करण्याआधी दोन-तीन गटांत तो एक महिना चालवून पाहावा आणि तेथील सभासदांचे म्हणणे ऐकूनच इतरत्र लागू करावा.

आता थोडे आपल्याकडेही. सूचना लिहिताना पूर्ण लिहा. 'सगळं बेकार आहे' असे लिहिले तर आम्ही काय दुरुस्त करायचे? गट नंबर, तारीख आणि नेमके काय चुकले, एवढे लिहिले तर निम्मे काम तिथेच होते. आपला फोन नंबर बदलला असेल तर कळवा. भगिनी सभासदांनी आपले खाते स्वतःच्या किंवा विश्वासाच्या नंबरावर करून घ्यावे. चिटबॉयवर राग काढू नका. ॲप त्याने केलेले नाही आणि तोही ते आपल्याबरोबरच शिकतो आहे. आणि एक कळकळीची विनंती. आपली पाळी कारण नसताना पुढे आलेली दिसली, तरीही सांगा. पाच ऑगस्टवाल्यांपैकी एकाने जरी नोव्हेंबरात येऊन "साहेब, माझी तारीख चुकली आहे" असे म्हटले असते, तर आजींचा ऊस वेळेवर गेला असता.

परवा त्याच गटात गेलो होतो. आजी बांधावर भेटल्या. त्यांनी खोडवा मोडायचे ठरवले आहे आणि पुन्हा आडसाली धरणार आहेत. आम्हांला म्हणाल्या, "औंदा तारीख मी सोता फळ्यावर बघनार. लिवता येत न्हाई, पन माजं नाव मला वळखतंय." आम्ही त्यांना हो म्हणून आलो आहोत. फळा अजून भिंतीवरच आहे, तेवढा धुऊन काळा रंग द्यायचा आहे. ते काम याच महिन्यात होईल. आपल्या सूचना नेहमीप्रमाणे गट ऑफिसच्या वहीत लिहाव्यात. वही आता बारमाही तिथेच राहील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी